एकतीस तारखेचा वाटाणा

१

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी धनराजच्या डाळमिलमधलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा वरच्या खणातली निळी फाईल जागेवर नव्हती. खणात उरली होती फक्त धूळ, आणि धुळीत फाईलच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन. कुलूप शाबूत होतं, कडी शाबूत होती. कर्नाटकाच्या हद्दीतल्या आळंदमधल्या चोरांना एवढी सफाई कधी जमली नव्हती.

फाईल पिवळ्या वाटाण्याची होती. ज्या गावाची तूर एके काळी हैदराबादच्या बाजारात नाव सांगून विकली जायची, त्या गावात हल्ली कॅनडाचा वाटाणा भरडला जातो आणि बेसन म्हणून खपवला जातो. खाणाऱ्यालाही फरक कळत नाही, हे त्याहून वाईट. धनराजनं बारा कंटेनर वाटाणा मागवला होता आणि तो न्हावा शेवा बंदरात येऊन पडला होता. मधल्या काळात सरकारनं नियम बदलला. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून या वाटाण्यावर शेकडा तीस जकात बसली. आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे एकतीस तारखेपर्यंत, जो माल जहाजावर चढला असेल तेवढ्यालाच माफी.

माल कधी चढला हे सांगते जहाज कंपनीची बिल्टी, बंदरातल्या भाषेत बिल ऑफ लॅडिंग. तिची स्कॅन केलेली प्रत मिलनं कस्टमला आधीच पाठवली होती, आणि तिच्यावर एकतीस तारीख होती. आता कस्टमचं पत्र आलं होतं: मूळ कागद सोमवारपर्यंत दाखवा. मूळ कागद निळ्या फाईलीत होता.

धनराजनं दुपारच्या आत चोर ठरवून टाकला. कागदपत्रांचं काम बघणारी संध्या. कपाटाची एक किल्ली तिच्याकडं, स्कॅन तिच्या कॉम्प्युटरवरून गेलेला. तारीखही तिनंच बदलली असेल आणि आता अंगाशी येतंय म्हणून फाईल तिनंच गायब केली, असं त्यानं मिलच्या अंगणात उभं राहून, हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. सोमवारी सकाळी पोलिसात अर्ज जाणार होता.

संध्याचा बाप राजपाल तडक आपल्या मुडबी गावी आला आणि घरी न जाता प्रेमानंदच्या शेतात गेला.

"दादा, पोरगी रडायली न्हाई," तो म्हणाला. "त्याचंच मला भ्या वाटायलंय."

"रडंल कामून? चोरलंय का तिनं?"

"न्हाई."

"मग बस. पाणी पी."

राजपाल बसला, पण पाण्याचा तांब्या त्यानं बाजूला सारला. "जानेवारीत तिची कस्टममधून माल सोडवायच्या कार्डाची परीक्षा हाय. दोन वर्सं अभ्यास करायलीय. केस झाली तर कार्ड न्हाई. कार्ड न्हाई तर..." पुढचं त्यानं हातानंच सांगितलं.

प्रेमानंदनं तुरीची एक शेंग मोडून दाणा बघितला आणि दाताखाली धरला. सत्तरीला टेकलेला हा माणूस तेहतीस वर्षं मुंबईत कस्टममध्ये होता. जकात चुकवणारे त्यानं हजारांनी बघितले होते. त्यांतले हुशार तीन. बाकी सगळे आळशी, असं त्याचं मत होतं, आणि ते मत त्यानं निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं.

"उद्या येतो म्हणावं," तो म्हणाला. "आणि तिला सांग, कॉम्प्युटरला कुणाला हात लावू देऊ नको."

२

आळंदच्या वेशीबाहेर, आता जिथं पंक्चरचं दुकान आहे तिथं, निजामाच्या वेळी करोडगिरीचा नाका होता. पलीकडं अक्कलकोटचं संस्थान, अलीकडं निजामाचं. माल हद्दीतून आला की जकात. ते दगडी जोतं बघितलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. प्रेमानंदचा आजा अक्कलकोटहून वहाणांचं गाठोडं घेऊन यायचा, तेव्हा नाकेदार त्याला दिवसभर उन्हात बसवून ठेवायचा. त्याच्या गाठोड्याला हात लावून तपासणी करायची नसे, आणि तपासल्याशिवाय सोडायचंही नसे. दिवस मावळला की कंटाळून दुप्पट जकात सांगायचा. राज्य गेलं, नाका गेला, आणि त्याच आजाचा नातू त्याच खात्याच्या खुर्चीत बसून लोकांचा माल तपासू लागला. आजानं ते बघितलं नाही, एवढंच.

रविवारी दहाच्या सुमाराला प्रेमानंद मिलमध्ये पोचला. धनराजच्या खोलीत गार हवेचं यंत्र घरघरत होतं. धनराज पन्नाशीचा, गोल, आणि आपण फार व्यवहारी आहोत या समजुतीवर पोसलेला. मराठी शाळेसाठी बापानं त्याला उमरग्याला मावशीकडं ठेवलं होतं. तिथून तो दहावी आणि एक सोन्याची अंगठी घेऊन परत आला.

चहा आला. धनराजपुढं कपबशी, प्रेमानंदपुढं कागदी पेला. प्रेमानंदनं पेल्याकडं बघितलं आणि चहा गार होऊ दिला.

"साहेब, तुम्ही रिटायर माणूस. कशाला ह्या उन्हात आलाव?" धनराज म्हणाला.

"डिसेंबरात ऊन कुठलं?"

"न्हाई, आपलं म्हणलं." तो पुढं वाकला. "हे बघा, कायदा मला बी कळतो. माल एकतीस ऑक्टोंबरला जहाजावर चढलाय. सोन्यासारखा कागद होता. पोरीनं घोळ घातला."

"कसला घोळ?"

"ते पोलीस काढतील."

"तारीख खरी असेल तर फाईल चोरून तिला काय मिळालं? आणि तारीख खोटी असेल तर ती खोटी करून तरी तिला काय मिळालं? जकात तिच्या खिशातून जाणार होती का?"

हा प्रश्न धनराजला आधी कुणी विचारला नव्हता, आणि त्यानं स्वतःला तर नाहीच. मग त्यानं सदऱ्याच्या खिशावर थाप मारली. "अर्ज तयार हाय. माझ्या हातानं लिवलाय, इंग्लिशमंदी. इंग्लिश बघितलं की फौजदार खुर्चीतून उठतो."

"बघू जरा."

"उद्या बघा. ठाण्यात."

"बरं," प्रेमानंद म्हणाला. "तवर तुमच्या माणसांशी बोलतो. चोर तिच्याशिवाय दुसरा न्हाईच म्हणल्यावर तुमची हरकत नसंल."

हरकत होती हे धनराजच्या तोंडावर दिसत होतं. पण नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून त्यानं मान हलवली.

३

मुनीम गुरुशांतप्पा गोण्यांच्या थप्पीला टेकून बसला होता. घरची भाषा कन्नड, मराठी बाजारात शिकलेली. मिलमध्ये तीस वर्षं काढलेला आणि त्यांतली शेवटची पाच मालकावर रुसून काढलेला.

"सायेब, ह्या वटाण्यानं तूर मेली," त्यानं न विचारता सुरुवात केली. "अक्टोबरमध्ये आमची तूर फुलावर येते. त्याच वेळी हा माणूस तिकडं फोन लावून वटाणा बुक करतो. माझी स्वतःची सहा एकर तूर हाय. मी हिथं बसून माझ्याच गळ्याला फास वळतोय."

"मग फाईल तुम्हीच फेकली असंल."

"मला सापडली असती तर विहिरीत टाकली असती, देवाशपथ. पण वरचा खण. स्टुलावर चढायला गुडघे लागतात, सायेब, ते मी मिलला देऊन बसलो."

"येळवशीला कुठं होता?"

"कुठं असणार? शेतात. तीस माणसं जेवायला होती. भज्जी कमी पडली म्हणून बायको अजून बोलत न्हाई."

येळवशीला या भागात गाव ओस पडतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या, कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी नि आंबील. दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा सापडत नाही. चोरी करायला वर्षात एवढा सोयीचा दिवस दुसरा नाही.

बंदरातून माल सोडवणाऱ्या एजंटाचा माणूस बालाजी त्या रविवारी आळंदातच होता. धनराजनंच त्याला बोलावून घेतलं होतं. औरादकडचा, घरात तेलुगू, तोंडात दखनी.

"मेरेकू कुछ नै मालूम, साब," तो म्हणाला, आणि लगेच मराठीवर आला. "अक्टोबरच्या एंडला सेठ रोज फोन करायचे. माल चढला का, माल चढला का. मी म्हणलो, सेठ, जहाज माझ्या बापाचं न्हाई."

"मग?"

"मग एक दिवस फोन बंदच. डिसेंबरात संध्याअक्काकडून स्कॅन आला, तारीख एकतीस. म्हणलो, चला, सुटले सेठ."

"मूळ कागद बघितलास?"

"मूळ कागद आजकाल कोण बघतंय, साब? सगळं ऑनलाईन."

"स्कॅन तरी वाचलास?"

बालाजी हसला. त्याच्या हसण्यात उत्तर होतं. प्रेमानंदला त्याचा राग आला नाही. त्याच्या साहेबांचाही असाच धंदा चालत असणार. लाखांचा माल इकडून तिकडं जातो आणि कागदावरची अक्षरं कुणी वाचत नाही. आकडा बघतात, शिक्का आहे का बघतात, आणि पुढं ढकलतात.

"येळवशीला?"

"मामाच्या शेतात. आंबील पिऊन दिवसभर झोपलो. मामाला विचारा."

फाटकाशी राखणदार मल्लप्पा बसला होता. येळवशीला मिलमध्ये तो एकटाच होता.

"कोण आलतं त्या दिवशी?"

"कुणीच न्हाई."

"कुणीच?"

"कुत्रं सुदिक न्हाई, सायेब."

कपाटाच्या किल्ल्या दोन. एक धनराजकडं, एक संध्याकडं. येळवशीला दुपारपर्यंत संध्या मुडबीत होती. प्रेमानंदच्याच कोपीत जेवली होती. जेवण झाल्यावर स्कूटी काढून कडगंचीला मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते म्हणून निघाली.

प्रेमानंदनं तिथंच उभं राहून त्या मैत्रिणीला फोन लावला.

"संध्या? येळवशीला? नाही काका," पोरगी म्हणाली. "ती आलीच नाही. मीच घरी नव्हते."

४

संध्या कॉम्प्युटरपुढं ताठ बसली होती. सत्तावीस वर्षांची, कन्नड शाळेत शिकलेली, पुढं कडगंचीच्या विद्यापीठात वाणिज्य केलेली. काल सकाळपासून तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, आणि तिनंही कुणाला बोलायची गरज दाखवली नव्हती.

"कडगंचीला गेली न्हाईस," प्रेमानंद म्हणाला.

"गेले होते. दाराला कुलूप होतं. बाहेरच्या कट्ट्यावर पाचपर्यंत वाचत बसले."

"कुणी बघितलं?"

"येळवशीला? कोण बघणार, काका?"

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळंच निरुपयोगी होतं.

"एकतीस ऑक्टोंबरचा तो कागद तुझ्याकडं आला कसा?"

"मिलच्या ईमेलवर पडला होता. तो ईमेल मालक, मुनीम, बालाजी नि मी, आम्ही चौघंही वापरतो. ऑक्टोबरची तारीख होती, म्हणजे माफीत बसतो, म्हणून कस्टमला चढवला."

"मूळ कागदाशी ताडून बघितलास?"

"मूळ फाईल मालकांनी स्वतः कपाटात ठेवली होती. मी उघडली नाही."

"कंटेनर कधी चढला ते बघता येतं का, कागदाशिवाय?"

"येतं की," ती म्हणाली. तिचे हात आधीच कीबोर्डवर गेले होते. "जहाज कंपनीच्या साईटवर नंबर टाकला की सगळं दिसतं. कुठं भरला, कधी चढला..."

ती थांबली. पडद्यावर ओळी उमटल्या होत्या. पहिल्या कंटेनरसमोर तीन नोव्हेंबर. दुसऱ्यासमोर तीन नोव्हेंबर. बाराच्या बारांसमोर.

"हे तू त्या दिवशी बघितलं असतंस तर?"

"दिवसाला साठ कागद असतात, काका."

"साठ असू देत न्हाईतर सहाशे. तू तारीख बघितलीस. तारीख बघणं म्हणजे वाचणं न्हवं. परीक्षेला काय लिवणार हाईस, आकडा बघितला आणि पुढं ढकलला?"

ती कानापर्यंत लाल झाली. रडली मात्र नाही. राजपालचं म्हणणं बरोबर होतं.

प्रेमानंदनं स्कॅनचा कागद छापून घेतला, चष्मा पुसला आणि वाचायला लागला. पहिल्या ओळीपासून. जहाजाचं नाव, बंदर, कंटेनरचे नंबर, वजन. बाहेर भरड्याची चक्की चालू झाली, बंद झाली. तो वाचतच होता. शेवटी तळाचा गोल शिक्का आला. माल जहाजावर चढला, असं इंग्रजीत, आणि मध्ये तारीख.

तो शिक्क्यावर थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला. मग खुर्चीत मागं रेलून स्वतःशीच हसला. मुंबई सोडल्यापासून तो असा हसला नव्हता.

"काय झालं?" संध्यानं विचारलं.

"हा शिक्का कॅनडातला न्हाई," तो म्हणाला. "हा आपल्याकडं झालाय. ज्यानं करून घेतला त्याच्या घरात कुठली भाषा बोलतात ते बी त्यानं शिक्क्यावर लिवून ठेवलंय."

"कुठली?"

प्रेमानंदचं हसू गेलं. उत्तर त्याला माहीत होतं. ईमेल वापरणाऱ्या चार माणसांपैकी ती भाषा दोघांच्याच घरात होती. एक धनराज. दुसरी ही, समोर बसलेली.

५

त्यानं सगळ्यांना धनराजच्या खोलीत बसवलं. मल्लप्पाला दाराशी उभं केलं. राजपालही आला होता. त्याला कुणी बस म्हणालं नाही, तेव्हा प्रेमानंदनं स्वतः खुर्ची ओढून दिली.

"माल तीन नोव्हेंबरला चढलाय," त्यानं सांगितलं. "हे जहाज कंपनी जगाला सांगायलीय. म्हणजे एकतीस तारीख बनावट. ती कुणी बनवली एवढाच सवाल."

"मी तेच म्हणत होतो," धनराज म्हणाला.

"दम धरा. बालाजी, वर्षाचा दहावा महिना कुठला?"

"अक्टोबर."

"गुरुशांतप्पा?"

"अक्टोबर. का, सायेब?"

"संध्या?"

"ऑक्टोबर."

"धनराजशेठ?"

धनराजनं त्याच्याकडं संशयानं बघितलं. "ही काय शाळा हाय का? ऑक्टोंबर."

"मी बी ऑक्टोंबरच म्हणतो," प्रेमानंद म्हणाला. "आमचा बाप ऑक्टोंबर म्हणायचा. आपल्या मराठी माणसाच्या तोंडात त्या महिन्यात मधी एक म येतो. इंग्रजीत तो न्हाई. कन्नडात न्हाई, तेलुगूत न्हाई. नोकरीला लागलो त्या साली मी फाईलीवर इंग्रजीत तसाच लिवला होता, एम घालून. साहेबानं लाल शाईनं गोल केला आणि ती फाईल आठ दिवस सगळ्या टेबलांवर फिरवली. पुन्हा जन्मात चुकलो न्हाई." त्यानं कागद टेबलावर सरकवला. "शिक्का वाचा, बालाजी. एक एक अक्षर."

बालाजी वाकला. "ओ, सी, टी, ओ," तो म्हणाला, आणि पुढच्या अक्षराला अडखळला. "एम. बी, ई, आर."

कुणी हसलं नाही. गुरुशांतप्पाला हसू आलं होतं, पण त्यानं ते उपरण्यात धरून ठेवलं.

"कॅनडातल्या जहाज कंपनीला एवढी मराठी येत न्हाई," प्रेमानंद म्हणाला. "तेव्हा गुरुशांतप्पा सुटले, बालाजी सुटला."

"आणि पोरगी?" धनराज ताडकन म्हणाला. "ती मराठीच की. मुडबीची. तुमच्याच आळीची."

राजपालनं मान खाली घातली.

"व्हय. आमच्या आळीत बी ऑक्टोंबरच म्हणतात," प्रेमानंद म्हणाला. "ती शिकली कन्नड शाळेत, तिच्या वह्या मी चाळल्या, त्यांत म कुठं न्हाई. पण वह्यांवर मी भागवत न्हाई. दुसरी गोष्ट बघू. फाईल कुणी चोरावी?" तो सगळ्यांकडं एकेकदा बघून बोलू लागला, अडाण्याला समजवावं तसा. "तारीख लपवायला मूळ कागद पळवला. पण तारीख कागदात राहत न्हाई. ती कंपनीच्या साईटवर आहे, कंटेनरच्या नंबरावर आहे. ज्याला हा धंदा कळतो त्याला हे पहिल्या दिवशी कळतं. बालाजीला माहीत आहे. संध्यानं आत्ता माझ्यासमोर विचारायच्या आधीच उघडून दाखवलं. ह्या दोघांपैकी कुणी फाईल चोरणार न्हाई, कारण चोरून काय बी लपत न्हाई हे त्यांना ठाऊक आहे. कपाटातला कागद गेला म्हणजे गोष्ट मिटली, असं वाटणारा माणूस एकच. जो वाटाणा मागवतो, नियम बदलला की दुसऱ्यावर ओरडतो, आणि नियम काय आहे ते कधी वाचत न्हाई."

"तोंड सांभाळून बोला," धनराज म्हणाला.

"मल्लप्पा, येळवशीला कोण आलतं?"

"कुणीच न्हाई, सायेब. सांगितलं की."

"मालक?"

मल्लप्पा गोंधळला. त्यानं धनराजकडं बघितलं, मग जमिनीकडं. "मालक आलते की. आंबिलीचा डेरा नेतो म्हणले, जीप आत घेतली. पण मालकाचं येणं म्हणजे कुणी येणं असतंय का?"

"आंबिलीचा डेरा मिलमंदी कामून असंल?" गुरुशांतप्पा हळूच म्हणाला. "हिथं काय पोरं जेवायला बसतात?"

धनराज उठला. कुठं जायचं हे मात्र त्यानं ठरवलेलं दिसत नव्हतं, कारण तो टेबलाला वळसा घालून परत त्याच खुर्चीशी आला.

"तुमच्या खिशातला अर्ज काढा," प्रेमानंद म्हणाला. "वाचून दाखवा. इंग्लिशमंदी."

"मी का वाचू?"

"तारखेची ओळ तेवढी."

धनराजनं खिशावर हात ठेवला, तो ठेवलेलाच राहिला. अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता, आणि त्यात ऑक्टोबर कोणत्या अक्षरांत लिहिलाय हे त्याला आता पहिल्यांदा आठवत होतं.

६

फाईल जीपमध्ये मागच्या सीटखाली निघाली. तिच्यावर आंबिलीचा वाळलेला ओघळ होता. ती जाळायची हिंमत त्याला झाली नव्हती. व्यापाऱ्याच्या जातीला मूळ कागद जाळवत नाही, तो बनावट करायला काही वाटलं नाही तरी.

शिक्का उमरग्यात करून घेतला होता. तीनशे रुपये पडले, हे धनराजनं दोनदा सांगितलं, जणू स्वस्तात पडला हाच त्याचा बचाव होता. मग तो एकदम मवाळ झाला. संध्याला बाई म्हणाला, पोरी म्हणाला, शेवटी ताई म्हणाला.

"अर्ज फाडतो. पगार दुप्पट करतो. तू फक्त एवढंच लिव, टाईप करताना चूक झाली. क्लार्कची चूक कुणी मनावर घेत न्हाई. तुला काय व्हणार न्हाई, मला बी काय व्हणार न्हाई."

राजपाल पोरीकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि त्या भीतीत थोडी आशाही होती, हे प्रेमानंदला दिसलं. दुप्पट पगार, फाडलेला अर्ज, जानेवारीतली परीक्षा. बापाला एवढं पुरतं.

"काका?" संध्या म्हणाली.

"मला काय विचारतेस? सही तुझी जाणार हाय." प्रेमानंदनं कागदी पेल्यातला गार चहा खिडकीबाहेर ओतला. "कायदा सांगतो. दंडाची नोटीस यायच्या आधी स्वतः जाऊन खरं सांगितलं, जकात नि व्याज भरलं, तर ते निदान ऐकून घेतात. चूक झाली म्हणून लिवलंस तर ती चूक तुझी. पुढं कधी बी कुणी फाईल उघडली की त्यात तुझंच नाव."

संध्या कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली. अर्धा तास ती टाईप करत होती. मध्ये एकदा उठून तिनं निळी फाईल आणली आणि मूळ बिल्टी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. बोट ठेवून. मग परत टाईप करू लागली. तारीख तीन नोव्हेंबर. माल माफीत बसत नाही. जकात भरण्यास तयार. चढवलेली प्रत कुणी, कुठं, कशी बनवली ते. आणि एक परिच्छेद स्वतःबद्दल: मी कागद न वाचता चढवला, ही माझी चूक.

तो परिच्छेद तिला कुणी सांगितला नव्हता.

"अर्ज द्या," ती धनराजला म्हणाली.

"फाडतो म्हणलो की."

"फाडू नका. पत्राला जोडायचाय. तुमच्या अक्षरातला आहे."

धनराजनं प्रेमानंदकडं बघितलं. प्रेमानंद भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. गुरुशांतप्पाकडं बघितलं, तो चष्मा पुसत होता. बालाजी केव्हाच बाहेर जाऊन फोनवर कुणाशी तरी तेलुगूत हळू आवाजात बोलत होता, आणि आपल्या साहेबाला काय सांगायचं ते त्याचं ठरलं होतं, हे त्याच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं. कस्टमला कळायचं ते कसंही कळणारच होतं.

अर्ज खिशातून बाहेर आला.

संध्यानं पत्र प्रिंटरमधून काढलं, मालकापुढं ठेवलं, पेन मात्र आपल्याच हातात ठेवलं.

"आण, सही करतो," धनराज म्हणाला. "काय लिवलंय?"

"वाचा, मालक. वाचून झालं की पेन देते."

"तू सांग की थोडक्यात."

"थोडक्यात काही नाही."

त्यानं चष्मा शोधला. चष्मा नव्हताच. गुरुशांतप्पानं आपला काढून पुढं केला. तीस वर्षांत मालकाला त्यानं काहीतरी आनंदानं दिल्याची ही पहिलीच वेळ असावी. धनराजनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्याचे ओठ हलू लागले. चौथ्या ओळीला बोट थांबलं.

"हे काय? फोर्ज... फोर्ज्ड?"

"बनावट," संध्या म्हणाली.

"दुसरा शब्द न्हाई का जरा साधा?"

"नाही."

धनराजनं घाम पुसला आणि पाचव्या ओळीवर बोट नेलं. पत्र दोन पानांचं होतं. प्रेमानंदनं खुर्ची नीट ओढून घेतली, राजपालला बस म्हणाला, आणि ते सगळे तो वाचून होईपर्यंत थांबले.